ओळख आपल्या तालुक्याची : मंडणगड

चेंबूरच्या आमच्या वसाहतीत बहुतेक दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या मंडळाची सभा असते. विहारात चटया अंथरल्या जातात, त्रिसरण-पंचशील होते, मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते आणि मग वर्गणीची वही फिरू लागते. दाराबाहेरच्या फलकावर गावाचे नाव, तालुक्याचे नाव आणि खाली 'मुंबई शाखा' असे लिहिलेले असते. तालुका कधी खेड, कधी दापोली, कधी गुहागर. आमचा मंडणगड. लहानपणापासून हा फलक आम्ही पाहत आलो; पण मुंबई ही जर शाखा, तर मूळ गावी आज किती माणसे उरली, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. तो पडला आमच्या काकींमुळे.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली तेव्हाची ही गोष्ट आहे. काकी वाडीतल्या घरात एकट्याच राहत होत्या. गावच्या शाळेचे गुरुजी कागदांचा गठ्ठा घेऊन ओटीवर येऊन बसले. घरात माणसे किती, असे त्यांनी विचारले. काकींनी नवऱ्याचे नाव सांगितले नाही, कारण ते हयात नव्हते. पण तिन्ही मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे अशी नावे भराभर सांगून टाकली. गुरुजी म्हणाले, "काकी, ही सगळी मुंबईला असतात ना? मग त्यांची गणती तिकडे होईल." काकी म्हणाल्या, "असूदेत की मुंबईला. घर हेच हाय त्यांचं." गुरुजी भला माणूस. त्यांनी चहा घेतला, नियम समजावून सांगितला आणि त्या घरापुढे एक हा आकडा लिहिला. आठ माणसांच्या घरातून एक! काकींना ते इतके लागले की पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो, तेव्हा पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी त्यांनी ही तक्रार सांगितली.

गुरुजींचे काही चुकले नव्हते. माणूस जिथे नेहमी राहतो तिथेच त्याची गणती व्हायची, हाच नियम आहे. पण त्या एका आकड्याच्या मागे मंडणगड तालुक्याचा सारा भूगोल आणि दीड-दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आपल्या चेंबूर, घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांतून राहणाऱ्या मुलांना तो माहीत असावा, म्हणून हा लेख.

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. वर सावित्री नदी. तिच्या पलीकडे रायगड जिल्हा. पश्चिमेला सावित्री समुद्राला मिळते, तिथे बाणकोटची खाडी आणि बाणकोटचा किल्ला. दक्षिणेला दापोली, पूर्वेच्या अंगाला खेड. मधून भारजा नदी वाहते आणि केळशीजवळ समुद्राला मिळते. तालुक्याच्या गावामागे मंडणगडचा डोंगरी किल्ला. समुद्राकाठचे वेळास गाव हे नाना फडणविसांचे म्हणून जुन्या पुस्तकांत येई. अलीकडे ते कासवांमुळे गाजते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले तिथल्या वाळूतून समुद्राकडे धावताना पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक येतात.

चेंबूरहून अंतर म्हणाल तर दोनशे किलोमीटरच्या आत. कुर्ला नेहरूनगरहून एस.टी. धरली की पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, मग लोणेऱ्याहून गोरेगावकडे वळायचे आणि आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून सावित्री ओलांडायची. नकाशावर हा रस्ता सोपा दिसतो. ज्याने मे महिन्यात महामार्गाच्या त्या दीड दशकाहून अधिक काळ रखडत गेलेल्या रुंदीकरणातून पोरेबाळे घेऊन प्रवास केला आहे, त्याला त्याबद्दल काही सांगायला नको. हा पूल होण्याआधी आमचे आजोबा-पणजोबा बंदरावर चालत जात आणि आगबोटीने मुंबई गाठत. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. पण मंडणगड, दापोली आणि गुहागर या तीन तालुक्यांना ती शिवलीच नाही. आमच्या लोकांना रेल्वे पाहिजे तर खेडला किंवा रायगडातल्या स्टेशनांवर जावे लागते.

आता जमीन. कोकणपट्टी म्हणजे सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये दाबून बसलेली एक चिंचोळी पट्टी. मंडणगडात सपाटी अशी कमीच. वर जांभ्या दगडाचा कातळ, त्याला आपण सडा म्हणतो. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आणि रानफुले दिसतात, बाकी आठ महिने तो तापलेल्या तव्यासारखा. खाली पऱ्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे. हीच काय ती खरी शेती. मधल्या उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी आणि वरी. त्यासाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, आणि एकदा पीक घेतले की दोन-तीन वर्षे जमीन पडीक ठेवायची. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मराठवाड्यातल्या आपल्या बांधवांना हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण नद्या आखूड, उतार तीव्र, कातळात पाणी ठरत नाही. जुलैत घराच्या भिंती ओल्या करणारे पाणी चार-दोन तासांत खाडीला जाऊन मिळते आणि एप्रिल उजाडला की त्याच वाडीतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर रात्रीच्या बसतात. काकींच्या वाडीला टँकर यायचा तो वरच्या रस्त्यापर्यंत. पुढची पाखाडी हंडा घेऊन उतरायची ती बाईमाणसानेच.

अशा जमिनीत थोडी माणसे जगली असती. पण ती थोडी जमीनसुद्धा कसणाऱ्याची नव्हती. रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा जिल्हा. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळाकडून भाताचा अर्धा वाटा उचली. शिवाय वेठ होतीच. आपल्या लोकांच्या वाट्याला वतनाच्या नावाखाली गावाची राबणूक आणि खळ्यावर मिळणारे बलुते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार बरोबरीने चालले, ही गोष्ट आज मुद्दाम सांगितली पाहिजे. सावित्रीच्या पलीकडे, कुलाबा जिल्ह्यात, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता संप चालवला होता. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कनिष्ठ वतने गेली १९५८ च्या. ज्यांची नावे कूळ म्हणून कागदावर होती त्यांना जमीन मिळाली. आपल्यातल्या पुष्कळांची नावे कागदावर नव्हतीच.

म्हणून माणसे बाहेर पडली. आधी पलटणीत. इंग्रजांच्या मुंबई लष्करात कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. निवृत्त शिपाई-सुभेदार दापोलीच्या कॅम्पात वस्ती करून राहत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यातलेच. 'विटाळ विध्वंसन' त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सकपाळ घराणेही पलटणीतलेच. मालोजी सकपाळ शिपाई, त्यांचे चिरंजीव रामजी सुभेदार. आणि रामजींचे चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी कोकणापासून कितीतरी दूर, महूच्या छावणीत जन्मले. बाबासाहेबांचे शाळेतले आंबडवेकर हे आडनाव आले ते या गावावरून. त्यांच्या बालपणीचे थोडे दिवस दापोलीच्या कॅम्पातही गेले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा घराघरांतून हुंदका उठला असेल. कारण शेतात परतावे तर शेत कुठे होते?

दुसरी वाट मुंबईची. रमाईंचे चरित्र आपल्या घरोघरी आहे, पण त्याच्याकडे कोकणातल्या एका स्थलांतरित मुलीची कहाणी म्हणून आपण फारसे पाहत नाही. त्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि ती अनाथ भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, दुकाने मिटल्यावर, रमाईंचे लग्न झाले. त्या काळी मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे आणि म्युनिसिपालिटी यांत कोकणातून आलेल्या हजारो माणसांत आपलीही माणसे होती. भायखळा, परळ, नायगाव, डिलाईल रोड. मग शहर उत्तरेकडे सरकले, तशी माणसेही सरकली. १९५० च्या दशकात माहूलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढच्या दशकात तुर्भ्याला खत कारखाना आला. कोणी कंपनीत लागला, कोणी पालिकेच्या खात्यात, कोणी चुनाभट्टीला गिरणीत. अशी आमची चेंबूरची वस्ती भरली.

आता आकड्यांकडे येऊ. आकडे पाहून पान उलटू नका; हे आकडे आपल्याच घरातले आहेत.

२०११ च्या जनगणनेत मंडणगड तालुक्याची लोकसंख्या ६२,१२३ भरली. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत ती सर्वांत कमी. उलट मुंबई महापालिकेचा आपला एम-पश्चिम विभाग, म्हणजे चेंबूर आणि आसपासचा भाग, याची लोकसंख्या त्याच साली ४,११,८९३ होती. म्हणजे एका चेंबूरमध्ये साडेसहा मंडणगड मावतात. रेल्वे न शिवलेले मंडणगड, दापोली आणि गुहागर हे तिन्ही तालुके एकत्र केले तरी बेरीज ३,६३,६७२ होते. आपल्या एका विभागापेक्षा अठ्ठेचाळीस हजारांनी कमी. रत्नागिरी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १९७ माणसे राहत होती, आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात वीस हजारांहून अधिक. काकींच्या मोठ्या मुलाच्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री पाच माणसे निजतात आणि गावच्या पाच खणांच्या घरात पाच मांजरे, असे आम्ही थट्टेने म्हणतो. ही थट्टा या आकड्यांच्या अगदी जवळची आहे.

सबंध जिल्ह्याची स्थिती पाहा. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे घटली. अख्ख्या मंडणगड तालुक्याहून जास्त! त्या दशकात महाराष्ट्रातले तीनच जिल्हे घटले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई शहर घटले ते लोक उपनगरांत आणि त्यापलीकडे कल्याण, पनवेलकडे गेले म्हणून. कोकण घटले ते वेगळ्या कारणाने. देशात इतरत्रही हे घडले आहे. उत्तराखंडात अल्मोडा आणि पौडी गढवाल हे डोंगरी जिल्हे त्याच दशकात घटले. तिथलीही माणसे पलटणीत आणि शहरांत गेलेली.

स्त्री-पुरुषांचे प्रमाण तर आणखी बोलके आहे. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात सर्वांत जास्त. वर्तमानपत्रांनी कौतुकाने मथळे दिले की रत्नागिरीने स्त्रियांचा मान राखला. आम्हाला ते वाचून हसावे की रडावे कळेना. सहा वर्षांच्या आतल्या मुलामुलींचा आकडा पाहिला तर त्याच जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. म्हणजे मुली जन्मतात कमीच. बायका जास्त दिसतात कारण पुरुष गावात नाहीत. जिल्ह्यात पुरुषांपेक्षा ९२,८२७ बायका जास्त होत्या. मुंबई उपनगर जिल्ह्यात बरोबर उलटे: बायकांपेक्षा सात लाखांहून अधिक पुरुष जास्त, हजारामागे ८६० स्त्रिया. हे पुरुष काही एकट्या कोकणातले नव्हेत, देशभरचे आहेत. पण एका जिल्ह्यातला खड्डा आणि दुसऱ्यातला ढीग यांचे नाते लपत नाही. ज्या मथळ्यात मान दिसला, त्यात आम्हाला काकी दिसल्या. तिशीत नवरा मुंबईला, साठीत मुलगे मुंबईला. लावणी त्यांची, झोडणी त्यांची, सासू-सासऱ्यांची शेवटची दुखणी त्यांनीच काढली. त्या पुरुषाच्या प्रमाणात मोजल्या गेल्या, त्यांच्या कामाच्या प्रमाणात कधी नाही.

वाडी पुन्हा भरलेली आम्ही एकदाच पाहिली. २०२० च्या मे महिन्यात. मुंबईत करोना, हाताला काम नाही, दहा बाय बाराच्या खोलीत अंतर ठेवायचे कसे? मिळेल त्या गाडीने, काही तर पायी, चाकरमानी गावाकडे निघाले. शाळेत चौदा दिवस ठेवले गेले, गावच्या वेशीवर अडवलेही गेले. पण नंतर वाडीतल्या प्रत्येक घरावर धूर दिसू लागला. काकी सांगतात, लग्न होऊन आल्यापासून एवढी पोरे एका वेळी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. मंडणगड, दापोलीतल्या घरांची कौले-पत्रे उडाली, आंबा-काजूची पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे मुळासकट आडवी झाली. त्या दिवशी वाडीत पुरुष होते म्हणून छपरे आठवड्यात परत चढली. एरवी काय झाले असते, हे काकींनी विचारले आणि कोणी उत्तर दिले नाही. दिवाळीपर्यंत वाडी पुन्हा रिकामी झाली.

कोणी म्हणेल, माणसे गेली तर गेली, चांगले झाले. ज्या वाडीला गावाच्या टोकाला ठेवले, पाण्याला शिवू दिले नाही, तिच्याकडे वळून कशाला पाहायचे? 'खेडी सोडा, शहरात चला', हे बाबासाहेबांनीच नाही का सांगितले? हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. शहरात आलो म्हणून शिकलो. आमची मुले पदवीधर झाली ती चेंबूरला, मंडणगडला राहून झाली असती का, याची आम्हाला शंका आहे. पण जे मागे राहिले, त्यांचे काय?

कारण आकड्याला जोडूनच सारे येते. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागा त्या गावातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात; वाडीतली माणसे घटली की जागाही जाऊ शकते. विधानसभेचे म्हणाल तर २००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्यातले खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ गेले, आता पाचच उरले. मंडणगड दापोलीबरोबर बांधलेला आहे. शाळांचे तर विचारूच नका. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. मैदानी मुलखात दोन शाळा एकत्र करणे वेगळे आणि मध्ये पऱ्या, चढण आणि जंगल असलेल्या दोन वाड्यांची शाळा एक करणे वेगळे. पावसाळ्यात सहा वर्षांची मुलगी तिथे कशी जाणार? शाळा गेली की उरलेले तरुण जोडपेही मुलांसाठी मुंबईची गाडी धरते, आणि आकडा आणखी खाली येतो. चांगल्या गोष्टीही घडतात. २०२५ च्या ऑक्टोबरात मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. त्या दिवशी आमच्या वसाहतीतल्या मोबाईलांवर तेच चित्र फिरत होते.

२०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची असल्याचे केंद्र सरकारने २०२५ च्या जूनमध्ये राजपत्रात जाहीर केले. आधी घरांची यादी, मग माणसांची गणती, आणि त्यात जातीचीही नोंद. आपल्या समाजाला गणतीचा रकाना नवा नाही. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. १९५६ च्या दीक्षेनंतर खेड्यापाड्यांतल्या न शिकलेल्या आयाबायांनी गणती करणाऱ्यासमोर ठामपणे आपला धर्म सांगितला, म्हणून हा आकडा उभा राहिला. २०११ मध्ये तो ६५,३१,२०० होता. आताही धर्माचा रकाना बौद्ध असा सांगितला म्हणून अनुसूचित जातीची नोंद जात नाही. १९९० च्या केंद्राच्या कायद्याने तो हक्क बौद्धांना दिलेला आहे. दोन्ही सांगावे, आणि आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यावे.

पण गावी की मुंबईत? आमच्या मंडळाच्या मागच्या सभेत यावरून बरीच गरमागरमी झाली. तरुण मंडळींचे म्हणणे, फेब्रुवारीत सगळ्यांनी रजा काढून गावी जाऊ आणि तिथे नावे देऊ. आमचे मत त्यांना पटले नाही, तरी सांगतो. जे चेंबूरला राहतात त्यांनी चेंबूरलाच मोजले जावे. इथेही पाणी, दवाखाना, शाळा मागायची आहे, आणि खोटा आकडा दोन्हीकडे अंगावर येतो. (मतदार यादीत दोन्हीकडे नावे ठेवणाऱ्यांनीही हे ऐकावे, तो तर गुन्हाच आहे.) पण मंडळाने वाडीची आपली एक वेगळी वही करावी: घर कोणाचे, उघडे की बंद, सातबारावर कोणाकोणाची नावे, वारसांची नोंद झाली की नाही, घरपट्टी कोण भरते. बंद घराच्या जमिनीवर हल्ली दलालांचा डोळा असतो, आणि वारसनोंद नसली की भांडणे भावाभावांत लागतात. ठराव झाला. वही लिहायचे काम आमच्यावर आले.

पहिल्या पानावर काकींचे घर लिहिले. गेल्या पावसाळ्यात पाखाडीवरून त्या घसरल्या, खुब्याचे हाड मोडले. मुलाने चेंबूरला आणले. आता त्या त्याच दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर असतात आणि कुळीथ कोणी पेरले का म्हणून गावाकडून आलेल्या प्रत्येकाला विचारतात. वहीत 'घरात राहणारी माणसे' या रकान्यात काय लिहू, म्हणून आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे हाय, तेवढं लिही."